नकाशा काढू का?

एक्याण्णवच्या डिसेंबरात मी प्रश्नपत्रिका काढली:
प्रश्न तिसरा, सोव्हिएत परराष्ट्र धोरणाची उद्दिष्टे, गुण वीस.
सीलबंद पाकीट विद्यापीठात पोचलं
आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो देश संपला.

एप्रिलात मुलांनी उत्तरं लिहिली तरीही.
वर्तमानकाळात लिहिली.
‘सोव्हिएत संघ जागतिक शांततेसाठी कटिबद्ध आहे.’
मी वीसपैकी तेरा दिले, कुणाला चौदा.
एकाने समासात पेन्सिलीने विचारलं होतं,
हा देश अजून आहे का?
त्यालाही तेराच दिले.

चेंदणीच्या अंगाला आमचं कॉलेज, मागे खाडी,
भरतीला तळमजल्यावर चिखलाचा वास.
खोली चौदामध्ये भिंतभर जगाचा नकाशा,
वरचा पट्टा सगळा एकाच गुलाबी रंगाचा.
हसुराम भोईर स्टुलावर चढून म्हणाला,
‘काढू का, बाई?’
म्हटलं, राहू दे. अभ्यासक्रमात आहे अजून.

मग परिसंवादांचा हंगाम आला.
टिपणीस सर फळ्यावर तराजू काढत:
एक पारडं रिकामं झालं
की जमिनीवर आपटतं ते दुसरंच.
डॉ. मेनेझिस वसईहून यायच्या, पिशवीत आकडे घेऊन,
तेलाचा भाव, गव्हाची आयात, रणगाड्यांचा खर्च;
त्यांच्या लेखी देश म्हणजे उधारीची वही.
एक तरुण पोरगा, आडनाव बहुतेक कारखानीस,
उठून म्हणाला, लोकांनी घाबरणं सोडलं, एवढंच झालं,
आणि खाली बसला.
त्याला कुणी चहासुद्धा विचारला नाही.

मला सगळ्यांचंच पटायचं. हीच पंचाईत.
कावळा बसताना एकाने पाहिलेला,
फांदी आतून पोखरलेली, हे दुसरीला ठाऊक,
पण आदल्या दुपारी त्याच झाडाखाली
आम्ही सगळे डबे उघडून बसलो होतो
आणि वर कुणीच पाहिलं नव्हतं.

हसुरामचं गाव खाडीपलीकडे, ऐरोलीकडचं.
बाप मिठागरात.
कप गोळा करता करता म्हणाला,
‘पाणी दाट होत जातं, बाई, दिसत नाय.
बोट बुडवून चाखायचं. बापाला जिभेवर कळायचं.
आणि मग एका पहाटे कोंडीला पांढरी कड.’
कुठल्या पहाटे? मी वही उघडली.
‘ते सांगता आलं असतं
तर मी पण खुर्चीत बसलो असतो.’

दाराशी जाऊन परत आला.
‘आमची मिठागरं मात्र एका दिवसात गेली.
नोटीस आली, तलाठ्याने वाचून दाखवली.
बाप म्हणाला, आता जीभ कशाला लावू.
त्यावर नाय कोणी परिसंवाद भरवला.’
वहीत मी फक्त तारीख लिहिली.

नकाशा पंच्याण्णवला निघाला एकदाचा.
नव्याला निधी नव्हता.
भिंतीवर उरला एक फिकट चौकोन,
चार कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं,
आणि तीन वर्षं मुलं त्याच्याकडे तोंड करून बसली.
मी पट्टीने दाखवायची: हे बर्लिन, हा कॉकेशस,
इथून पुढे बघा.
माना डोलायच्या.

आता ऐरोलीतच राहते, सातव्या मजल्यावर.
पायाखाली कुणाची कोंडी होती, विचारलं नाही कधी.
परवा फोन आला: बाई, जग पुन्हा वळणावर आहे,
चाळीस मिनिटं बोलाल का, कारणमीमांसा?
हो म्हणून बसले.
मग स्वयंपाकघरात जाऊन
उकळत्या आमटीचा थेंब तळव्यावर घेतला,
जिभेला लावला,
आणि गॅस बारीक करून तशीच उभी राहिले.
काहीतरी दाट होत होतं.
कशाच्या किती जवळ, ते कळेना.